दहावीतल्या सायलीची गोष्ट छापून येईपर्यंत

जून २०२५ मध्ये माझी किशोरवयीन मुलांसाठीची कादंबरी छापून आली. बडोद्यातल्या मराठी घरातली, दहावीत शिकणारी सायली गरोदर राहते आणि पुढच्या वर्षभरात तिचं, घरच्यांचं आणि त्या मुलाचं काय होतं, एवढीच गोष्ट. पुस्तक आल्यापासून बरेच जण विचारतात की असला विषय लिहायला घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची, कायद्याची भीती वाटली नाही का, छापलं कोणी, खर्च किती आला. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते. मी हे सुरू केलं तेव्हा विचारायला कोणी नव्हतं, आणि त्या एकटेपणाचा मला फार त्रास झाला.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचं प्रकरण आहे. त्यात बीजांड, शुक्रपेशी, गर्भनिरोधनाची साधनं सगळं आहे. पण गर्भ राहिलाच तर त्या मुलीने दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे जायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मराठीत मुलांसाठी साहस आहे, विनोद आहे, विज्ञानकथा आहेत. या विषयावर सातवी-आठवीनंतरच्या मुलामुलींच्या हातात द्यावं असं मला काही मिळालं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातल्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर असल्याची नोंद आहे. यातल्या पुष्कळ लग्न झालेल्या असतात हे खरं. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, हेही त्याच सर्वेक्षणात आहे. म्हणजे दर वर्गामागे एखादी तरी मुलगी या वाटेवर असू शकते, आणि वर्गात आपण त्याबद्दल बोलत नाही.

जुलै २०२२ मध्ये वही उघडली. पहिले काही आठवडे नुसतं वाचन. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा २०१२, गर्भपाताचा कायदा १९७१ आणि त्यातली २०२१ची दुरुस्ती, बाल न्याय कायदा २०१५. तिन्ही कायद्यांची मूळ पुस्तकं कोर्टाजवळच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांना एक अशी मिळतात, आणि सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. वृत्तपत्रातल्या बातम्यांवरून कायदा लिहू नका, मूळ कलम डोळ्यांनी वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. बडोद्याचं कोर्ट न्यायमंदिर या जुन्या इमारतीतून दिवाळीपुऱ्याला गेलं, तिथे वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी माझ्या सगळ्या शंका ऐकल्या आणि एक पैसा घेतला नाही.

वैद्यकीय बाजूसाठी एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या आई त्या. रविवारी सकाळी दवाखाना बंद असताना वेळ द्यायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर एक आडवी रेघ मारली, त्यावर खुणा केल्या आणि म्हणाल्या, "आधी हे नीट समजून घ्या. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली तेव्हाच ती चार आठवड्यांची गरोदर असते. मुलींना हे ठाऊक नसतं. संबंध आला त्या दिवसापासून त्या मोजतात, आणि सुरुवातीलाच दोन आठवडे चुकतात." ती चिठ्ठी अजून माझ्या फाइलमध्ये आहे. जाताना त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी उशिरा येते. तो उशीर कोणाकोणाचा, ते लिहा." माझ्या कादंबरीचा कणा त्या दिवशी सापडला.

घरी येऊन कालनिर्णय काढलं आणि गोष्ट २०२२च्या नवरात्रात बसवली. घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. सायलीची शेवटची पाळी २० सप्टेंबरला आली असं धरलं. दिवाळी २४ ऑक्टोबरला, म्हणजे पाच आठवडे भरत आलेले. पाळी चुकलेली, पण त्या वयात पाळी मागेपुढे होतेच, म्हणून ती फराळाच्या गडबडीत गप्प. गोळ्यांनी गर्भपात करता येतो तो नऊ आठवड्यांपर्यंत, आणि तोही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. नऊ आठवडे भरतात २२ नोव्हेंबरला. उत्तरायणात, १४ जानेवारीला, गच्चीवर पतंग उडवताना आईचं लक्ष जातं, तेव्हा सोळा आठवडे उलटून गेलेले. वीस आठवडे ७ फेब्रुवारीला. चोवीस आठवडे, म्हणजे कायद्याची शेवटची मर्यादा, ७ मार्चला, ऐन होळीत. बोर्डाची परीक्षा १४ मार्चपासून. बाळंतपणाची तारीख २७ जून, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. हे सगळं कॅलेंडरवर लाल पेनाने मांडल्यावर गोष्ट आपोआप चालायला लागली. कुठलं प्रकरण कधी घडायचं याची मला काळजीच उरली नाही. कोण किती दिवस गप्प बसलं, एवढंच ठरवायचं होतं: सायलीचा पहिला दीड महिना, "थांब, येईल" म्हणणाऱ्या मैत्रिणीचे काही आठवडे, नवऱ्याला सांगायला घाबरलेल्या आईचे पंधरा दिवस, "ओळखीतलाच डॉक्टर बघू" म्हणत फिरणाऱ्या बाबांचा फेब्रुवारी. त्यातलं कोणीही वाईट नाही. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम आहे आणि तरी ७ मार्च येतो.

कायद्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक लेखक बिचकतात. गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा काही गटांनाच आहे. अल्पवयीन मुली त्या गटांत स्पष्टपणे येतात. अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. चोवीस आठवड्यांनंतर, गर्भात गंभीर दोष किंवा मुलीच्या जिवाला तातडीचा धोका नसेल तर, उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो. दुसऱ्या बाजूला पोक्सोच्या दृष्टीने अठराखालच्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. यामुळेच घरचे डॉक्टरकडे न्यायला घाबरतात आणि काही डॉक्टर हात लावायला घाबरतात.

मी हे टिपण काढत होते तेव्हाच, २९ सप्टेंबर २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क त्यात मिळाला, म्हणून बातम्यांमध्ये तेवढंच गाजलं. पण माझ्या कामाचा भाग वेगळा होता: अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. वकीलबाईंनी त्या संध्याकाळी फोन करून हे सांगितलं, तेव्हा मी देवीच्या आरतीला निघाले होते. तिथेच पायरीवर बसले. कारण कितीतरी आईवडील फक्त नावाच्या भीतीने थांबतात. सायलीच्या आईबाबांनाही ही गोष्ट ठाऊक नाही. ज्या दवाखान्यात ते जातात तिथेही ती कोणी सांगत नाही. वाचणाऱ्या मुलीला मात्र कादंबरीतून कळते, सायलीच्या मावशीच्या तोंडून, पण उशिरा.

सायलीचं बाळंतपण होतं, बाळाला ती बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, सोपवते, आणि पुढचे दोन महिने हा कादंबरीतला सगळ्यात कठीण भाग. बाल न्याय कायद्यात बाळ सोपवल्यावर निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. आई स्वतःच अल्पवयीन असेल तर सोपवण्याच्या दस्तावर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही होते. जुलै-ऑगस्टच्या पावसात सायली रोज सकाळी उठते आणि मन बदलायला अजून किती दिवस आहेत ते मोजते. हा भाग लिहिताना डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जाईना: बाळ जवळ असो वा नसो, दोन-तीन दिवसांत दूध उतरतंच. शरीराला समितीचा ठराव कळत नाही. सायलीच्या शाळेच्या जुन्या टी-शर्टवर दोन ओले डाग पडतात आणि आजी काही न बोलता तिला कोरडा सदरा देते. एवढंच लिहिलं आहे. त्याहून जास्त लिहायचा प्रयत्न केला होता, तो सगळा काढून टाकला.

पहिला खर्डा मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात झाला. काही निर्णय आधीच पक्के केले होते. नवरात्रातली ती रात्र पानावर येणार नाही. एक प्रकरण गरब्यातल्या गर्दीत संपतं आणि पुढचं दिवाळीच्या साफसफाईत सुरू होतं. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे ती मुलं आहेत आणि पात्रंही मुलंच आहेत, तेव्हा इथे दुसरा विचार नको. दुसरं, खऱ्या कोणा मुलीची गोष्ट घ्यायची नाही. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलीची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे, पण कायदा नसता तरी बडोद्यासारख्या गावात दांडिया बाजार म्हटलं की चार घरांतली एक ओळखू येते. शाळेचं नाव, गल्लीचं नाव, बाबांचा धंदा हे सगळं कल्पनेतून घेतलं. अल्पवयीन मुलींच्या मुलाखती घेतल्या नाहीत आणि कोणी घेऊ नयेत असं मला ठामपणे वाटतं. डॉक्टर, परिचारिका, वकील, समुपदेशक यांच्याशी बोलून पुरेसं मिळतं.

एक गोष्ट मात्र स्वतः करून बघितली. सायली गर्भतपासणीची पट्टी विकत आणते तो प्रसंग लिहायचा होता. आमच्या भागातला औषधवाला मला ओळखतो, म्हणून रिक्षाने वाघोडिया रोडला गेले. माझ्या वयाच्या बाईने ती पट्टी मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता खोका काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, वर रबर लावलं आणि काळ्या पिशवीत घातला. साठ-सत्तर रुपये झाले. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाईकं होती, ती दोघं दुसरीकडे बघत होती. पन्नाशी उलटलेल्या, लग्न झालेल्या बाईला त्या पिशवीची लाज वाटत होती, तर पंधरा वर्षांच्या मुलीचं काय होत असेल, हे मला रिक्षात बसल्यावर हातापायांत कळलं. तो प्रसंग त्याच रात्री लिहिला आणि त्यात नंतर एक शब्द बदलला नाही.

गोळ्यांचाही प्रसंग आहे. मैत्रिणीचा भाऊ "मेडिकलमधून मिळतात, मी आणतो" म्हणतो. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की हा प्रसंग अर्धवट सोडू नका, कारण मुलं तेवढंच लक्षात ठेवतील. तपासणी न करता घेतलेल्या गोळ्यांनी गर्भपात अपुरा राहू शकतो, रक्तस्राव थांबत नाही, गर्भ नळीत असेल तर जीवावर बेततं. कादंबरीत मावशी हे सगळं सायलीला सांगते, साध्या शब्दांत, भाजी निवडता निवडता.

मे २०२४च्या सुट्टीत खर्डा मुलांना ऐकवला. इथे थोडं थांबते, कारण माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. ओळखीच्या घरांतली, तेरा ते सतरा वयाची मुलंमुली घेतली. प्रत्येकाच्या पालकांना आधी विषय स्पष्ट सांगणारं पत्र दिलं आणि लेखी होकार घेतला. दोन घरांनी नकार दिला, त्यांना पुन्हा विचारलं नाही. पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, "गोष्टीबद्दल काहीही बोला. पण तुमच्यापैकी कोणाच्या किंवा तुमच्या मित्रमैत्रिणींच्या बाबतीत असं काही घडल्याचं मला कळलं, तर ते गुपित ठेवायचं वचन मी देऊ शकत नाही. मदत मात्र नक्की करीन." कलम १९ शिक्षकांना, लेखकांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना लागू आहे. मुलांना आधी न सांगता नंतर पोलिसांकडे जाणं हा विश्वासघात झाला असता. एका समुपदेशक बाईंचा नंबर फळ्यावर लिहून ठेवला होता आणि त्यांना आधी कल्पना दिली होती.

आणखी एक अडचण बडोद्याची खास. ही मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकतात गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात. हिंदीमुळे देवनागरी येते, पण मराठीची दोनशे पानं वाचायची म्हटली की दमतात. म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. रावपुऱ्यातल्या एका घराच्या दिवाणखान्यात, दुपारी चार ते सहा, पंखा फुल करून. वाचून दाखवल्याने फायदाच झाला. वाक्य कुठे ओढाताणीचं आहे, संवाद कुठे म्हाताऱ्या बाईने लिहिल्यासारखा वाटतो, ते तोंडाला लगेच कळतं. सायली आईशी बोलते तसं मैत्रिणींशी बोलत नाही. मैत्रिणींबरोबर तिच्या मराठीत निम्मी गुजराती असते. मुलांनी माझे कितीतरी संवाद सुधारून दिले.

दूध उतरण्याचा भाग वाचला तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, आजीला कसं कळलं?" तिला उत्तर तिथल्याच दुसऱ्या मुलीने दिलं, "आजीला पाच मुलं झाली आहेत ना!" त्यावर दोघी तावातावाने बोलायला लागल्या की मग आजीने आधीच, जानेवारीतच ओळखलं असणार, मग ती गप्प का बसली? मी आजीचा उशीर लिहिलाच नव्हता. तो आता कादंबरीत आहे, स्वतंत्र प्रकरण आहे.

मुलगे सुरुवातीला खाली बघून ऐकायचे. शेवटच्या आठवड्यात एकाने विचारलं, "आदित्यचं काय झालं? तो कुठे गेला?" आदित्य म्हणजे तो मुलगा, सतरा वर्षांचा. माझ्या खर्ड्यात तो मार्चनंतर जवळजवळ दिसत नव्हता. पुन्हा वकीलबाईंकडे गेले. आदित्यही अठराच्या आतला असल्याने त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं, नेहमीच्या फौजदारी न्यायालयात नाही. पण सोळा ते अठरा वयाच्या मुलावर गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याला प्रौढासारखं वागवायचं का, याचा प्राथमिक आढावा मंडळ घेऊ शकतं. दोघांची एकमेकांवर माया होती, जबरदस्ती नव्हती, हे सायलीने हजारदा सांगितलं तरी कायद्यात गुन्हा गुन्हाच राहतो. २०१२ पर्यंत संमतीचं वय सोळा होतं, आता अठरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने २८३व्या अहवालात वय कमी करू नये असंच सांगितलं, मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या प्रकरणांत न्यायाधीशांना थोडी मोकळीक असावी असं सुचवलं. मला स्वतःला वयाने जवळजवळच्या दोन मुलांना आणि फसवणाऱ्या प्रौढाला एकाच मापात तोलणं पटत नाही. पण मी हे मत कादंबरीत कोणाच्या तोंडी घातलं नाही. आदित्यच्या आईला मंडळाच्या बाकावर बसवलं, तिच्या हातात त्याचं अकरावीचं प्रगतिपुस्तक दिलं, आणि तिथे काय काय विचारतात ते लिहिलं.

पोलिसांचा प्रसंगही मुलांमुळे बदलला. सगळ्यांना वाटत होतं की मुलीला ठाण्यात बोलावून रात्रभर बसवतात. पोक्सोच्या कलम २४ मध्ये उलट लिहिलं आहे: जबाब मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता घ्यायचा, तिला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. प्रत्यक्षात दर ठिकाणी हे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण मागण्याचा हक्क आहे हे मुलीला ठाऊक असलं तर तिची आई निदान बोलू तरी शकते. म्हणून कादंबरीत साध्या पंजाबी ड्रेसमधली अधिकारी बाई येते, आणि सायलीच्या खोलीत खाली सतरंजीवर बसते.

जून २०२४ पासून प्रकाशक शोधायला लागले. हा काळ मनाला फार जड गेला. काहींनी उत्तरच दिलं नाही. एका प्रकाशनाने बऱ्याच महिन्यांनी कळवलं की लेखन आवडलं, पण शाळा घेणार नाहीत आणि किशोर विभागात शाळा घेत नसतील तर पुस्तक चालत नाही. आणखी एकाने सुचवलं की शेवटी सायलीचं लग्न लावून द्या किंवा तिला पश्चात्ताप झालेला दाखवा. मी नाही म्हटलं. सायली सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रावर दहावीचा फॉर्म भरायला जाते, त्यांची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा असते, आणि ती गणिताला घाबरते. तिचं पुढचं आयुष्य मला असंच, गणिताच्या भीतीसकट दाखवायचं होतं.

डिसेंबरमध्ये स्वतःच छापायचं ठरवलं. तेव्हा एक गोष्ट माझ्या पाठीशी होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी कागदपत्रं चाळताना वाचलं होतं की बडोदा संस्थानाने १९०४ मध्येच बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. मुलीचं वय हा या शहरात शंभर वर्षांपूर्वी उघडपणे बोलायचा विषय होता. मग आज मी का बिचकावं, असं मनात आलं.

आता कामाचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांकडे जाऊ नका. ओळखपत्र आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाची प्रत तयार ठेवा. मी जानेवारी २०२५ मध्ये अर्ज केला, फेब्रुवारीत क्रमांक हातात आला. कॉपीराइट लेखनाबरोबर आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी मी केली. साहित्यकृतीसाठी फी ५०० रुपये. अर्ज भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, मग कोणाची हरकत येते का यासाठी तीस दिवस थांबतात, त्यानंतर छाननी. तो कागद यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी छपाई अडवून ठेवू नका.

अक्षरजुळणी आणि छपाई पुण्यात करून घेतली, कारण मराठीचं मुद्रितशोधन जाणणारी माणसं मला बडोद्यात मिळाली नाहीत. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, तिथे ते छापखान्यात वापरतात त्या श्रीलिपी फॉन्टमध्ये बदललं, आणि पहिल्या प्रुफात 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या', 'कोपऱ्यात' असे सगळे शब्द फुटले होते. 'ऱ्य' कुठेच धड नव्हता. प्रूफ कागदावर मागवा आणि जोडाक्षरांसाठी एक वाचन वेगळं करा. खर्च असा आला: १७६ पानांची, म्हणजे सोळा पानांचा एक अशा अकरा फॉर्मांची अक्षरजुळणी पानाला ३५ रुपयांनी ६,१६०, मुद्रितशोधन पानाला १५ रुपयांनी २,६४०, मुखपृष्ठ ६,०००, पाचशे प्रतींची छपाई आणि बांधणी ४८,०००. गठ्ठे ट्रॅव्हल्सच्या बसने आणले त्याचे हजार-बाराशे वेगळे. किंमत २२० रुपये ठेवली. दुकानदार चाळीस टक्के कमिशन घेतात, हे किंमत ठरवण्याआधी हिशेबात धरा.

पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते, १९५४च्या कायद्याप्रमाणे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापणारे लेखक हे हमखास विसरतात. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा.

जुलैमध्ये एका मराठी मंडळात पालकांसमोर वाचन ठेवलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "हे वाचून मुलींच्या डोक्यात नको ते भरेल." मी उत्तर द्यायच्या आत मागून एक आई उभी राहिली. तिने सांगितलं की तिने आणि तिच्या चौदा वर्षांच्या मुलीने पुस्तक एकाच आठवड्यात वाचलं, आणि नंतर मुलीने विचारलं, "आई, माझ्या बाबतीत असं झालं तर तू बाबांना किती दिवसांनी सांगशील?" त्यावर दोघी रात्री दोन वाजेपर्यंत बोलत बसल्या होत्या. तो गृहस्थ खाली बसला, पण त्याचं मत बदललं असं मला वाटत नाही. जाताना त्याने एक प्रत विकत घेतली.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुलांसाठीचा १०९८ आणि बायकांसाठीचा १८१, गुजरातमध्ये ज्याला अभयम् म्हणतात, हे दोन नंबर मोठ्या अक्षरात छापले आहेत. काही मुलींनी सांगितलं की घरी पुस्तक उघडं पडलेलं असतं, तेव्हा शेवटचं पान चटकन कोणाच्याही नजरेला पडतं. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ते नंबर मावशी भाजी निवडते त्या प्रकरणातही, तिच्या बोलण्यात घातले आहेत. आदित्यच्या आईचं प्रकरण चार पानांनी वाढलं आहे, त्यामुळे फॉर्म अकराचे बारा होतील आणि किंमत थोडी वाढेल. सुधारलेली पानं गेल्या सोमवारी पुण्याला पाठवली.